जुनं नाव नवं, नवं नाव जुनं: नाव बदलायच्या कागदाला साक्षीदार कोण घ्यायचा, एक प्रकरण

बहिणीचं नाव बदलायचा पहिल्यांदा केलेला कागद परत आला तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी तोंडानं काही सांगितलंच नाही, नुसतं दोन सह्यांवर पेनाचं टोपण टेकवलं. साक्षीदार एक, साक्षीदार दोन. दोन्ही सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच तिरक्या हाताच्या, आणि पत्ता म्हणून दोघांच्याही खाली फक्त "बेळगाव". एवढ्या बेळगावात ह्या दोघांना शोधायचं कुठं? बहीण माझ्याकडं बघायला लागली, मी दाजींकडं आणि दाजी छताच्या फॅनकडं.

झालं असं होतं, की दाजी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेले, त्यांनी झाडाखाली बसणाऱ्या एका टायपिंगवाल्याकडनं कागद करून घेतला आणि त्यानंच विचारलं साक्षीदार आणलेत काय, नसले तर आहेत आमच्याकडं, दोघांचे मिळून दोनशे द्या. दाजींनी दिले. बहीण त्या दिवशी ड्यूटीवर होती, तिनं आदल्या रात्री घरीच सही करून कागद दिलेला. म्हणजे "आमच्यासमोर सही केली" असं लिहून देणाऱ्या दोघांपैकी एकानंही तिला सही करताना सोडाच, कधी बघितलेलंसुद्धा नाही. पत्ता अर्धवट होता म्हणून लगेच अडकलं ते बरंच झालं, चार वर्षांनी कुणी खोलात शिरलं असतं तर काय सांगणार होतो?

माझं खानापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळं घरात कुणाचाही कागद अडकला की तो शेवटी माझ्याच टेबलावर येतो. हाही आला. हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय कारण आमच्या भागात ही भानगड घरोघरी आहे आणि लोक स्टँप कुठला, फी किती, पेपर कुठला एवढंच विचारतात, साक्षीदाराचं कुणी विचारतच नाही.

आधी प्रकरण नीट समजून घ्या. बहिणीचं खरं नाव देत नाही, आपण तिला ज्योती धरूया. माहेर खानापूर तालुक्यात, शाळा मराठी मीडियम, पण दहावीचं मार्क्सकार्ड कर्नाटक बोर्डाचं, त्यामुळं त्यावर ज्योतीचं इंग्रजी स्पेलिंग टी-एच वालं, म्हणजे जे वाय ओ टी एच आय. इकडं तसंच लिहितात, सविताला शेवटी टीएचए लावतात, ज्ञ आला तर जेएन, आणि तीच पोरं पुढं कोल्हापूरला कॉलेजला गेली की तिथला क्लार्क टीएचमधला एच काढतो आणि ज्ञ ला डीएनवाय करतो. एका माणसाची दोन माणसं होतात. पुढं नर्सिंगचं शिक्षण, कौन्सिलची नोंदणी सगळं ह्याच टी-एच वाल्या नावावर.

मग लग्न, चंदगड तालुक्यात. अंतर किती म्हणाल तर काहीच नाही, पण राज्य बदललं. आणि आमच्यात जुनी पद्धत, लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवीन नाव लिहायचं. तिचं नाव ठेवलं अर्पिता (हेही धरलेलंच). त्या हौसेतच आधारवर अर्पिता केलं, नंतर आडनावाच्या स्पेलिंगसाठी परत एकदा आधार दुरुस्त केलं. आता आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तो कोटा तिनं पहिल्या तीन वर्षांतच संपवला. पॅन, बँक, रेशनकार्ड सगळीकडं अर्पिता. नंतर दोघं कामासाठी बेळगावला वडगावात भाड्यानं राहायला आले आणि अकरा वर्षांनी दुसऱ्या हॉस्पिटलात चांगली नोकरी आली तेव्हा तिथल्या ऑफिसनं विचारलं, सर्टिफिकेटवरची ज्योती कोण आणि आधारवरची अर्पिता कोण?

तिनं ठरवलं की ज्योतीच व्हायचं. सर्टिफिकेटं बदलत बसण्यापेक्षा हे सोपं, आणि खरं सांगायचं तर तिला तिचं नाव परत पाहिजे होतं, तेवढं ती बोलली नाही पण कळत होतं. आता गंमत बघा, कायद्याच्या कागदावर तिचं "पूर्वीचं नाव" अर्पिता आणि "धारण केलेलं नवीन नाव" ज्योती. म्हणजे जुनं नाव नवं आणि नवं नाव जुनं. टायपिंगवाल्यानं पहिल्या कागदात हे उलटंच टाइप केलं होतं, तेही दाजींच्या लक्षात आलं नव्हतं.

आता साक्षीदार. इथं लोकांचा पहिला गोंधळ असा की कागद दोन आहेत आणि दोन्हीवर कुणीतरी दुसऱ्यानं सही करायची असते, पण ती दोन कामं वेगळी. ॲफिडेव्हिट, म्हणजे प्रतिज्ञापत्र, नोटरीसमोर शपथेवर करायचं, त्यावर खाली "मी यांना ओळखतो" म्हणून सही असते, ती बहुतेक वकील करतात. आणि दुसरा तो नाव बदलाचा लेख, ज्याला सगळे डीड म्हणतात, त्यावर दोन साक्षीदार. दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधल्या प्रकाशन विभागाकडनं भारत सरकारच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटात, नाव छापून घ्यायचं तर दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला कागद लागतो. ॲफिडेव्हिटवर वकिलांनी ओळख दिली म्हणजे डीडचा एक साक्षीदार झाला असं नव्हे. दाजी तेच म्हणत होते, एक तर वकीलसाहेबच झाले की.

आणि साक्षीदार सांगतो काय? तो नाव खरं की खोटं ह्याची हमी देत नाही. तो एवढंच सांगतो की ह्या बाईनं ही सही माझ्यादेखत केली. संपत्ती हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आहे, त्यात साक्षांकनाची व्याख्या दिलीय, की साक्षीदारानं सही करताना बघितलेलं पाहिजे नाहीतर सही करणाऱ्यानं स्वतः त्याला "ही माझीच सही" असं सांगितलेलं पाहिजे, आणि साक्षीदारानं आपली सही तिच्यासमोर करायला पाहिजे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर पाहिजेतच असं नाही. आपला कागद काही जमिनीच्या खरेदीचा नाही, पण माप म्हणून मी हेच धरतो, कारण उद्या प्रश्न आला तर विचारणारा हेच विचारणार.

मग आम्ही घरात बसून नावं काढली. चहा झाला, पोहे झाले, भांडणही झालं.

पहिलं नाव अर्थातच दाजी. नवरा साक्षीदार चालत नाही असा आपल्याकडं कायदा नाही, नातेवाईकाला बंदी कुठं लिहिलेली नाही. पण एकाच घरात राहणारा, एकाच रेशनकार्डावरचा माणूस म्हटल्यावर समोरचा पहिली शंका तिथंच काढतो. आमचा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो मोबाइल नाचवत म्हणाला मामा, नातेवाईक चालतच नाही, इथं लिहिलंय. बघितलं तर ते इंग्लंडमधल्या डीड पोलचं होतं. तिकडं नाव बदलायच्या लेखाला डीड पोल म्हणतात, साक्षीदार १८ वर्षांवरचा, शक्यतो नात्यातला नको, एकाच पत्त्यावर राहणारा नको, आणि लंडनच्या कोर्टात ते नोंदवायचं असेल तर १० वर्षं ओळखणारा माणूसही लागतो. मी त्याला म्हटलं अरे बाबा आपण वडगावात राहतो, लंडनात नाही. पण तो गेल्यावर विचार केला तर लक्षात आलं की नियम तिकडचा असला तरी त्यातली अक्कल इकडंही चालते. फक्त तो नियम म्हणून कुणाला सांगू नका, नोटरी हसतो.

दुसरं नाव बहिणीचा सख्खा भाऊ. मला सुरुवातीला तो एकदम पक्का वाटला, जन्मापासनं ओळखतो, दोन्ही नावं माहीत. पण त्या दोघांचे वडील जाऊन दोन वर्षं झालीत, शेताच्या उताऱ्यावर वारसा चढायचा आहे आणि त्यात हिचाही हिस्सा येतो. उद्या वाटणीत काही बिनसलं तर उताऱ्यावरची ज्योती आणि आधारवरची अर्पिता एकच काय, हा प्रश्न तिथंही येऊ शकतो, आणि त्या प्रश्नात ज्याचा फायदा-तोटा आहे तोच ह्या कागदावर साक्षीदार. भावाबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही, सोन्यासारखं पोरगं आहे, पण भावकीत कोण कधी कुणीकडं फिरतं हे सांगता येत नाही. हे त्याच्यासमोर कसं बोलायचं? शेवटी मी म्हटलं तुझं आधार अपडेट नाही म्हणून तुला नको. ते खरंही होतं.

मग सगळ्यांचं एकमत झालं ग्रामपंचायतीच्या मेंबरवर. आमच्याकडं मोठा माणूस म्हणजे चांगला साक्षीदार अशी समजूत आहे. माझ्या दुकानात रोज बघतो, मेंबर लोक गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या करतात, दोन फॉर्म, चार फॉर्म, कशावर केली बघतसुद्धा नाहीत. सहा महिन्यांनी फोन केला तर "कोण ज्योती?" मला मोठा नको होता, आठवण असलेला पाहिजे होता.

खरी अडचण कुठं आली तर गावात बाहेरचा माणूसच सापडेना. आमच्या गल्लीत जो भाऊ नाही तो चुलता आहे, चुलता नाही तो व्याही आहे, आणि जो ह्यातला कुणीच नाही त्याचा तिसऱ्या पिढीतला बांध आमच्या बांधाला लागलेला आहे. बिननात्याचा, ओळखणारा आणि बांधाची भानगड नसलेला असा माणूस म्हणजे एकच निघाला, शाळेचे रिटायर गुरुजी. ते निपाणीकडचे, नोकरीला आले आणि इथंच राहिले. ज्योती त्यांच्या वर्गात पहिली ते चौथी.

गुरुजींना विचारलं तर लगेच तयार. पण मी त्यांचे कागद मागितले तेव्हा तिथंही तीच तऱ्हा, त्यांच्या नावात ज्ञ आहे, आधारवर डीएनवाय आणि पेन्शनच्या पुस्तकात जेएन. वर पत्ता एकीकडं बेलगाम, दुसरीकडं बेळगावी, कारण शहराचंच नाव १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बदललं, तिथं माणसाचं काय घेऊन बसलात. गुरुजी कसनुसं हसले, म्हणाले, "दुसऱ्याच्या नावाला साक्ष द्यायला निघालोय आणि माझंच ठिकाणावर नाही बघ." मी ठरवलं की जो पुरावा झेरॉक्स म्हणून जोडणार तो फक्त आधार, तर डीडवर त्यांचं नाव आणि पत्ता आधारवर आहे तसाच्या तसा, अक्षर न् अक्षर. बेलगाम तर बेलगाम.

वय हा दुसरा मुद्दा. गुरुजी सत्तरीच्या पुढं, कान कमी. कायद्यानं वयाची वरची अट काही नाही, समजून उत्तर देता येतंय ना एवढंच बघतात. पण साक्षीदार पुढची दहा-पंधरा वर्षं सापडायला पाहिजे हा विचार करावाच लागतो, बोलायला वाईट वाटतं म्हणून टाळू नये. म्हणून दुसरा साक्षीदार मला तरुण आणि पक्क्या पत्त्याचा पाहिजे होता.

आणि इथं मला एक गोष्ट सुचली जी मी आता प्रत्येकाला सांगतो. गुरुजी तिला ज्योती म्हणून ओळखतात, अर्पिता हे नाव त्यांनी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं. मग दुसरा साक्षीदार असा घ्यायचा जो तिला अर्पिता म्हणून ओळखतो. एक ह्या काठावरचा, एक त्या काठावरचा. दोघंही एकाच बाजूचे घेतले तर अर्धी बाईच ओळखीची राहते. कायदा असं काही मागत नाही, हे माझं डोकं. पण कागदाकडं बघणारा उद्या दोघांना फोन लावील तेव्हा त्याला दोन्ही टोकं मिळतात.

त्या काठावरची सापडली वडगावातच, दोन गल्ल्या सोडून. विणकर घरातली अक्का, घरात अजून माग चालतो, कन्नड बोलणारी, बचत गटाचं रजिस्टर सांभाळते. सहा वर्षं दर महिन्याला तिच्या रजिस्टरात अर्पिताची सही आहे. घर स्वतःचं, म्हणजे भाडेकरूसारखं उठून जायची भीती नाही, नातं नाही, देणंघेणं नाही (गटाचं कर्ज बहिणीनं फेडलेलं होतं, ते मी विचारून घेतलं). बहिणीनं विचारलं तर मागावरनं हात न काढता म्हणाली, "आयत्री, बर्तीनि." येते म्हणाली.

मग दिवस ठरवला. जुलैचा पाऊस, खानापूरला धो धो, गुरुजींना मी मित्राच्या कारनं बेळगावला घेऊन आलो. १०० रुपयांचा ई-स्टँप आधीच काढलेला, डीड मी स्वतः टाइप केलेलं, दोनदा मार्क्सकार्डाशी ताडून, टी-एच आहे ना, आहे. नोटरीच्या ऑफिसात एक लांबट टेबल, त्याच्याभोवती सगळे बसलो. कागद इंग्रजीत होता. अक्काला इंग्रजी वाचता येत नाही, गुरुजींना येतं पण चष्मा पावसानं धुरकटलेला, म्हणून मी तो आधी मराठीत आणि नंतर माझ्या मोडक्या कन्नडमध्ये वाचून सांगितला. नोटरी थांबले, घाई केली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

मग बहिणीनं पेन उचललं. आधी पूर्वीच्या नावानं सही, अर्पिता, ती झरझर झाली, सवयीची. मग खाली नव्या नावानं, ज्योती. तिथं ती थांबली. अकरा वर्षांत ती सही केलेलीच नव्हती. पेनही नेमकं तेव्हाच उठेना, तिनं दोनदा कागदाच्या कोपऱ्याबाहेर टेबलावरच्या वर्तमानपत्रावर गिरगटून बघितलं, गुरुजींनी खिशातनं स्वतःचं काळं पेन काढून दिलं आणि ती सही झाली, शाळेतल्या वहीसारखी गोल, प्रत्येक अक्षर सुटं. कुणी काही बोललं नाही. दाजी खिडकीतनं पाऊस बघत होते.

त्याच पेनानं गुरुजींनी मराठीत सही केली, अक्कानं कन्नडमध्ये. खाली दोघांची नावं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर नंबर, गल्ली, गाव, तालुका, पिनकोड, सगळं इंग्रजीत टाइप केलेलं, हातानं काहीच नाही. सही कुठल्या लिपीत हे कुणी अडवत नाही, पण माणूस कोण हे वाचता आलं पाहिजे. एका कागदावर तीन लिप्या, आमच्या भागाचा फोटोच निघाला म्हणा. दोघांच्या आधारच्या झेरॉक्सवर त्यांचीच सही घेतली, मोबाइल नंबर घेतले, आणि मी फोल्डरच्या आतल्या बाजूला तारीख, वेळ, कोण कोण हजर होतं ते लिहून ठेवलं. पैसे कुणी घेतले नाहीत. अक्काला बहिणीनं नंतर डबा भरून लाडू दिले, ते मी मोजत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. ॲफिडेव्हिट त्याच दिवशी झालं. जाहिरात एका इंग्रजी आणि एका कन्नड पेपरात, आणि गावात सगळ्यांना कळावं म्हणून "तरुण भारत"मध्येही, त्याची गरज नव्हती, दाजींची हौस. पेपरांची मूळ पानं, डीड, फोटो, ओळखपत्र, सॉफ्ट कॉपी असं सगळं दिल्लीला गेलं. ह्या वेळी काही परत आलं नाही, गॅझेटच्या भाग ४ मध्ये नाव छापून आलं. त्याची प्रिंट मीच काढली, लॅमिनेशन करू का विचारलं तर बहीण म्हणाली नको, परत कुठंतरी लावायला लागेल.

खरी परीक्षा नंतर झाली. नव्या नोकरीच्या ठिकाणी गॅझेट दिलं तरी तिथल्या माणसानं डीड बघून साक्षीदारांना फोन लावला. तसं करायची काही सक्ती नसते, काही लोक करतात. अक्कानं फोन उचलून सांगितलं होय री, आमच्या गटातली अर्पिता, आता ज्योती झालीय, माझ्यासमोर सही केली. गुरुजींना ऐकू येईना म्हणून त्यांच्या सुनेनं फोन धरला आणि तिकडचा प्रश्न कानात ओरडून सांगितला. गुरुजी म्हणाले, "दोन सह्या केल्या. वरची भरभर केली, खालची सावकाश. खालची माझ्या पेनानं केली, तिचं पेन उठत नव्हतं. आणि पाऊस होता." सूनबाईंनी मला नंतर सांगितलं की तिकडचा माणूस हसून म्हणाला पुरे पुरे.

आधारचं काम अजून चालू आहे, गॅझेट लावून दिलंय, दोनदा बदलून झालेलं असल्यामुळं वेळ लागायलाय. सासूबाई अजून अर्पिताच म्हणून हाक मारतात. ती ओ देते.